जय महाराष्ट्र, टँकर कधी?

भातसा आणि तानसा, दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला, उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची शहापूरच्या पाड्यांनी. दर एप्रिल-मेमध्ये ही बातमी पोर्टलवर येते आणि खाली प्रतिक्रिया पडतात : ‘जय महाराष्ट्र’, ‘आधीच्यांनी काय दिवे लावले?’, शिवाय घरबसल्या महिना पन्नास हजार कमावण्याचं निमंत्रण. मुरबाडच्या रेल्वेची बातमी आली की हीच मंडळी, निमंत्रणवाल्यासकट, तिकडे हजर. मधेच एखादा लिहितो, ‘आमच्याकडे टँकर चार दिवसांनी येतो, तोही अर्धा.’ त्याला लगेच सवाल : तू कुठल्या पक्षाचा?

संपादक म्हणतात, ही कटकटच बंद करू. रॉयटर्सने २०१४ मध्ये बातम्यांखालच्या प्रतिक्रिया बंद केल्याच. आपला उपाय त्याहून झटपट. २०१२ मध्ये पालघरला (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं) फेसबुकवरच्या एका पोस्टपायी दोन मुलींना अटक झाली; एकीने तर नुसतं लाइक केलं होतं!

संपादकसाहेब, प्रतिक्रियांची जागा ठेवा. गाळायला एक माणूस बसवा, आणि त्या अर्ध्या टँकरवाल्याला तेवढा फोन करा. उद्याची बातमी त्याच्याकडे आहे.