समुद्र कोरमअभावी तहकूब

दिल्लीतल्या मराठी माणसाला समुद्र आठवतो तो नोव्हेंबरात. एरवी तो नळाचे पाणी, टँकरचे पाणी आणि गाडी लावायची जागा यांतच गुंतलेला असतो. नोव्हेंबरात मात्र शेतातला धूर, गाड्यांचा धूर आणि फटाक्यांचा धूर असे तिन्ही धूर एकत्र येतात, समोरचा टॉवर दिसेनासा होतो आणि मग क्षितिज नावाची काही वस्तू असते हे एकाएकी ध्यानात येते. 2023 साली 5 नोव्हेंबरला राजधानीत प्रदूषणाविरुद्धचा ‘ग्रॅप’ नावाचा कृती आराखडा चौथ्या टप्प्यावर गेला. नेमक्या त्याच महिन्यात मुंबईच्या बंदरात ‘कॉस्टा सेरेना’ हे इटालियन जहाज भारतीय पर्यटकांसाठी दाखल झाले. ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ तिथे आधीपासून होतेच. एकच जहाज असते तर आम्ही कदाचित गेलोही असतो. दोन झाली आणि द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाला काम मिळाले.

परक्यांसाठी सांगतो, दिल्लीच्या द्वारकेत समुद्र नाही. नावात होता, पण दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, तो आराखड्यात घेतला नाही. मूळ द्वारकेत समुद्र घराघरांत शिरला अशी कथा आहे. आमच्याकडे पाणी टँकरने येते आणि गेटवरच्या वहीत नाव, वेळ, गाडीचा नंबर लिहूनच आत शिरते. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जाते, तेव्हा बोलणे अर्ध्यावर थांबवायचे आणि विमान गेले की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे, ही इथली रीत. मंडळाच्या सभा त्यामुळेच लांबतात, असे सेक्रेटरीसाहेब म्हणतात. माझे मत निराळे आहे. मंडळातले निम्मे सभासद कुठल्या ना कुठल्या मंत्रालयातून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या निविदा उघडलेल्या माणसाला स्वतःच्या सुट्टीचे पाकीट उघडवत नाही.

तर पहिल्याच सभेत ठरले की, तांत्रिक छाननी आधी आणि दर नंतर. खजिनदारांनी तक्ता केला. ‘एम्प्रेस’ 1990 ची, लांबी 211 मीटर. ‘सेरेना’ 2007 ची, लांबी 290 मीटर, आत पावणेचार हजार प्रवासी मावतील एवढी. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून रोज भांडणे होतात, त्यामुळे एवढी माणसे एका इमारतीत आणि एकही गाडी नाही, हे वाचून सभेत क्षणभर शांतता पसरली. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

‘एम्प्रेस’च्या बाजूने एक जमेची गोष्ट होती. सप्टेंबर 2021 पासून तिची तिकिटे आयआरसीटीसी विकते आहे. रेल्वेचे नाव निघताच रेल भवनातून निवृत्त झालेले तिन्ही सभासद सावरून बसले. चार्ट कधी तयार होतो, ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळतो का, आरएसी असते का, हे प्रश्न रीतसर नोंदवण्यात आले. कंपनीचे नाव मात्र मला गमतीचे वाटते. कॉर्डेलिया म्हणजे राजा लिअरची धाकटी मुलगी. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला आहे, त्यात भेटते. बापाची तोंडदेखली स्तुती करणार नाही म्हणाली आणि घराबाहेर काढली गेली. तिचे नाव लावून माहितीपत्रक छापायचे आणि त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्तुतीच करायची, याला धाडस लागते.

मग कुणीतरी स्वदेशीचा मुद्दा काढला. जहाज कंपनी भारतीय असताना इटलीच्या घशात पैसे का घालायचे? टाळ्या पडल्या. टाळ्या विरल्यावर खजिनदारांनी तक्त्यातली पुढची ओळ वाचली. ‘एम्प्रेस’चा जन्म फ्रान्समध्ये सेंट नाझेरच्या गोदीत, तारुण्य कॅरिबियन समुद्रात, मधली आठ वर्षे एका स्पॅनिश कंपनीकडे, आणि नाव दर मालकागणिक बदललेले. आपल्या किनाऱ्याला ती लागली तेव्हा तिशी उलटली होती. यावर मंत्रालयाच्या भाषेत काय म्हणायचे ते सर्वांना ठाऊक होते: ‘मूल्यवर्धन भारतात’. मुद्दा मंजूर.

खरे तर स्वदेशी बोट आणि विलायती बोट यांतून निवड करायची वेळ या देशावर एकदा खरीच आली होती. लोकमान्य टिळकांना गुरू मानणारे व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 साली तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि ‘गॅलिया’ व ‘लावो’ या दोन बोटी कोलंबोच्या मार्गावर सोडल्या. समोर ब्रिटिश इंडिया कंपनी. तिने तिकीट उतरवत उतरवत फुकट केले, वर प्रत्येक उतारूला एक छत्रीही देऊ केली. चिदंबरम 1908 साली तुरुंगात गेले. तिथे त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपले आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांची कंपनी मोडली. ही हकिगत मी सभेत सांगितली. ऐकून सगळे गंभीर झाले. मग खजिनदारांनी विचारले, “छत्री आता कोण देतंय?” आणि त्यांनी तक्त्यात ‘भेटवस्तू’ असा रकाना वाढवला.

पुढच्या सभेत खोल्यांचा विषय निघाला. जहाजावर आतली खोली असते तिला खिडकी नसते, त्यावर खिडकीची खोली, त्यावर बाल्कनीची, आणि त्याहून वर स्वीट. हे प्रकरण समजून घ्यायला द्वारकेच्या माणसाला एक मिनिटही लागले नाही. एलआयजी, एमआयजी, एचआयजी! ज्यांच्या नावावर डीडीएच्या सोडतीत अमुक श्रेणी आली होती त्यांनी जहाजावरही तीच मागितली, कारण शेजाऱ्याच्या वरची श्रेणी मागणे बरे दिसत नाही आणि खालची मागणे परवडत नाही. वाटप सोडतीनेच व्हावे, असा ठराव आला. नागपूरच्या वहिनींनी तर, बाल्कनी मिळाली तर ती काचा लावून बंद करता येते का, असे कंपनीला लेखी विचारायला लावले. “त्यात एक दिवाण मावते. मुलगा-सून आले तर झोपतील. नाहीतरी तिथे बसून पाहायचे काय आहे, नुसते पाणीच तर आहे ना जी!”

वहिनी हसण्यावारी न्यायच्या बाई नव्हेत. दोन्ही जहाजांची माहितीपत्रके मी नीट पाहिली आहेत. त्यांत जलतरण तलाव आहे, नाचगाणे आहे, जिम आहे, कॅसिनो आहे, मुलांना खेळायची जागा आहे आणि खाणे तर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आहे. समुद्र फक्त मुखपृष्ठावर आहे, तोही तलावाच्या मागे. शनिवार-रविवारच्या फेरीत तर जहाज मुंबईहून निघते, समुद्रात जाते आणि मुंबईलाच परत येते. म्हणजे लिफ्ट आहे, क्लब हाऊस आहे, जिम आहे, जेवणाच्या वेळी रांग आहे, देखभालीचा वेगळा आकार आहे आणि जायचे कुठेच नाही. ही तर आमचीच सोसायटी. फरक एवढाच की तिथे पाणी चारी बाजूंना आहे आणि इथे सकाळी सहा ते आठ.

तिसऱ्या सभेत कर्नलसाहेब फाइल घेऊन आले. ‘सेरेना’ला बहीण आहे, त्यांनी जाहीर केले. होती. त्याच घाटाचे ‘कॉस्टा कॉन्कॉर्डिया’ 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडले, 32 माणसे गेली, आणि प्रवाशांच्या आधी जहाज सोडून गेलेल्या कप्तानाला तुरुंगवास झाला. एवढे ऐकल्यावर सभेचे स्थळ-पाहणीत रूपांतर झाले. बहिणीचे असे झाले म्हणजे घराण्याचा विचार करावाच लागतो, असे एक पक्ष म्हणाला. बहिणीच्या दोषाने मुलीला नाकारणे आजच्या काळात शोभत नाही, असे दुसरा. ‘एम्प्रेस’ वयाने थोराड पण पाहण्यातली, ‘सेरेना’ सुस्वरूप पण घरातली गोष्ट निघालेली. निर्णय पुढे ढकलला.

अण्णा तोवर बोलले नव्हते. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याचे, दिल्लीत उभी हयात गेली. ते म्हणाले, “आमच्याकडे ‘रामदास’ बुडाली. 1947, जुलैची सतरा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, गटारीला माणसं घरी जात होती. सहाशेच्या वर गेली. घरात एक माणूस गेलेला, आणि आमची आजी दिवाळीनंतर पुन्हा बोटीतच बसली. कारण रस्ता कुठे होता?” विमान गेले. अण्णा त्याच शब्दापासून पुढे म्हणाले, “रस्ता कुठे होता? डेकवर वळकटी पसरायची. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जायचं. बंदरात बोट आत येत नसे, बाहेर नांगर टाकायची. मग पडाव यायचे, त्यात खलाशी आपल्याला पोत्यासारखे उतरवून घेत. बोट लागायची. आजी लिंबू हुंगायची आणि बोटवाल्याला शिव्या द्यायची. पण आजीला कुणी विचारलं नाही, तुला कुठली बोट आवडते. तिला वेंगुर्ल्याला जायचं होतं.”

यावर काय बोलावे कुणाला सुचेना. शेवटी खजिनदारांनी ‘बोट लागते का’ हा तांत्रिक निकष म्हणून घेतला. मोठे जहाज कमी हलते, त्यामुळे ‘सेरेना’ला एक गुण जादा.

खरा घोटाळा डिसेंबरात झाला. लेखापरीक्षणातून निवृत्त झालेल्या एका सभासदाने दाखवून दिले की कोटेशने दोनच आहेत. सरकारी नियमांत किमान तीन लागतात. आता हा खर्च प्रत्येकाच्या स्वतःच्या पेन्शनीतला, सरकारचा एक पैसा नाही, पण सवय ती सवय. तिसरे म्हणून ‘गंगा विलास’ आणली. तीच ती, 13 जानेवारी 2023 ला पंतप्रधानांनी वाराणसीहून हिरवा झेंडा दाखवलेली: दिब्रुगडपर्यंत 51 दिवस, सुमारे 3,200 किलोमीटर, अठरा स्वीट, छत्तीस प्रवासी. छत्तीस म्हटल्यावर ती बाद झाली. छत्तीस माणसांत मंडळाची कार्यकारिणीच जेमतेम बसते. शिवाय 51 दिवस घर बंद ठेवले तर दिल्लीत ते आपलेच राहील याची खात्री कोण देणार?

अण्णा वैतागले. त्यांनी वहीच्या पानावर चार ओळी खरडल्या आणि तिसरे कोटेशन म्हणून टेबलावर ठेवल्या. ‘मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. हजरत निजामुद्दीनहून रोज सुटते. रत्नागिरी, मडगाव करत एर्नाकुलमला जाते. स्लीपर क्लास.’ त्यांनी हे रागाने केले होते, पण नावात लक्षद्वीप असल्याने खजिनदारांनी ते दाखल करून घेतले. दर उघडले तेव्हा व्हायचे तेच झाले. सर्वात कमी बोली, एल-वन, मंगला एक्स्प्रेस.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, हे जहाज नाही. लेखापरीक्षक म्हणाले, निविदेत ‘जहाज’ शब्द कुठे आहे? ‘समुद्रमार्गे विश्रांतीचा प्रवास’ असे आहे, आणि कोकण रेल्वे समुद्राच्या बाजूनेच जाते. पण गाडीतून समुद्र दिसत नाही, बोगदेच दिसतात, अशी हरकत आली. त्यावर कर्नलसाहेबांनी शांतपणे माहितीपत्रक उघडून दाखवले की जहाजाच्या आतल्या खोलीतूनही दिसत नाही. म्हणजे एलआयजी श्रेणीत रेल्वे आणि जहाज समान. बोट लागण्याचा धोका रेल्वेत शून्य, गाडी लागण्याचा किरकोळ. तांत्रिक गुणांतही मंगला पुढे गेली. नागपूरच्या वहिनींनी मात्र ठणकावून सांगितले की त्या स्लीपरने जाणार नाहीत, त्यांनी मैत्रिणींना क्रूझ म्हणून सांगून ठेवले आहे. प्रकरण कायदेशीर सल्ल्यासाठी गेले. सल्ला द्यायचा होता तो सभासद मुलीकडे ऑस्ट्रेलियाला होता.

जानेवारीत ‘सेरेना’चा भारतातला हंगाम संपला आणि ती निघून गेली. पटलावर एकच जहाज उरले. साध्या माणसाला वाटेल, चला, सुटला प्रश्न. पण एकच बोलीदार उरला की त्याला सिंगल टेंडर म्हणतात, आणि सिंगल टेंडरवर सही करून पेन्शन धोक्यात घालणारा माणूस द्वारकेत अजून जन्मायचा आहे. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी खऱ्या द्वारकेजवळ समुद्राच्या तळाशी जाऊन मोरपीस वाहिले. आमच्या द्वारकेत त्याच आठवड्यातली सभा कोरमअभावी तहकूब झाली.

विषय असा विझत चालला होता, तेवढ्यात मार्च 2025 मध्ये दिल्लीतच क्रूझ आणायचा करार झाला. यमुनेवर, सोनिया विहार ते जगतपूर, चार किलोमीटर. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. वजीराबादच्या बंधाऱ्याच्या वरची. बंधाऱ्याच्या खाली जे वाहते त्याला महसुली कागदात नदी म्हणतात. विजेवर आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या बोटी, वीस-तीस आसने, जैवशौचालय, लाइफ जॅकेट. मुंबईपर्यंतचे विमानभाडे वाचते, मेट्रोने जाऊन संध्याकाळी घरी येता येते आणि खोलीच नसल्याने श्रेणीचा वाद नाही.

मंडळात पुन्हा जीव आला आहे. ‘एम्प्रेस’ विरुद्ध यमुना असा नवा तक्ता तयार होतो आहे. भेटवस्तूचा रकाना जुन्या तक्त्यातून उचलला आहे. नागपूरच्या वहिनी मैत्रिणींना सांगताना ‘चार किलोमीटर’ हा भाग गाळतात. कर्नलसाहेबांनी तांत्रिक छाननीसाठी लेखी प्रश्न पाठवला आहे: या बोटीला बहीण आहे का, आणि असल्यास ती सध्या कुठे असते.