बालशीतलीकरणाची मोहीम

वैशाख सरत आला, सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करण्यास सिद्ध झाला आणि २५ मेपासूनचे जे नऊ दिवस आपल्याकडे नवतपा या नावाने ओळखले जातात ते उंबरठ्याशी येऊन ठेपले, की भंडारा जिल्ह्यातील सुस्थित गृहस्थाच्या अंतःकरणात आपल्या अपत्यांविषयी एक विलक्षण कणव दाटून येते. वस्तुतः त्याची अपत्ये त्या घडीला कूलरसमोर चटईवर लोळत असतात, माठातले पाणी पीत असतात, पत्त्यांत लबाडी करून एकमेकांशी भांडत असतात आणि दुपारी दोन वाजता भांडणाचा कंटाळा येऊन आपोआप झोपी जातात. परंतु हे सुख फुकटचे असल्यामुळे गृहस्थास ते सुख वाटत नाही. ‘लेकरं उकाड्यानं कोमेजली,’ असा निवाडा तो देतो, आणि त्यांना थंड करण्याच्या उदात्त हेतूने, ज्या प्रहरी रस्त्यावरची कुत्रीदेखील गटाराचा आश्रय सोडीत नाहीत त्या प्रहरी, त्यांना मोटारीत कोंबून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून, मौदा मागे टाकीत, साठेक किलोमीटरवरील नागपूरच्या रोखाने एखाद्या वॉटर पार्काकडे प्रयाण करतो.

प्रयाणाची वेळ दुपारची का, हा प्रश्न अज्ञजनच विचारतील. तिकीट दिवसाचे असते, ते वसूल व्हावयास हवे, आणि सकाळी निघावे तर आंघोळी, डबे, हरवलेली चप्पल व मेहुण्याच्या कुटुंबाची वाट पाहणे या विधींमुळे माध्यान्ह टळणे अशक्य असते. जिल्हा प्रशासन दर उन्हाळ्यात जाहीर सूचना काढते, की दुपारी विनाकारण घराबाहेर पडू नये, आणि लहान मुलांनी व वृद्धांनी तर मुळीच पडू नये. विदर्भातील उन्हाळा ध्यानी घेऊन सरकार येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिराने, जून अखेरीच्या सुमारास उघडते. अर्थात ज्या उन्हात लेकरास मोफत विद्या घेण्यास पाठविणे सरकारला प्रशस्त वाटत नाही, त्याच उन्हात त्यास सशुल्क गारवा घेण्यास नेणे जन्मदात्यास प्रशस्त वाटते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले होते; त्याही दिवशी कोणी ना कोणी पिता आपल्या पुत्रास गार करण्यासाठी त्या शहरात घेऊन गेला असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

उद्यानाच्या प्रवेशद्वारी पोहोचल्यावर शीतलीकरणाचा प्रथम अध्याय सुरू होतो, तो पत्र्याखालच्या रांगेत. तीन फुटांखालील बालकास प्रवेश मोफत अशी पाटी तेथे लावलेली असते. तापमान मात्र त्यास पूर्ण दराने लागू असते. द्वितीय अध्याय झडतीचा. बाहेरील खाद्यपेयांस सक्त मनाई असल्याने घरून आणलेले कैरीचे पन्हे, ताकाची बाटली आणि साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी एवढा ऐवज दारावरच जप्त होतो, आणि आत गेल्यावर तीच तहान चौपट दराच्या रंगीत शर्करोदकाने भागविण्याची मुभा मिळते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीने मरणासन्न झालेल्या असंख्य माणसांना मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचविले. ते जर त्या पाण्याची पिंपे घेऊन या दारावर आले असते, तर रखवालदाराने ती ठेवून घेऊन त्यांच्या हाती लॉकरची किल्ली दिली असती.

तृतीय अध्याय जलप्रवेशाचा. सुती कपड्यांनिशी पाण्यात उतरणे नियमबाह्य असल्यामुळे, घाम टिपणारे आणि अंग झाकणारे जे एकमेव वस्त्र लेकराच्या अंगावर होते ते उतरवून त्यास भाड्याचा नायलॉनचा पोशाख चढविला जातो, पादत्राणे काढली जातात आणि सिमेंटच्या तापल्या फरशीवरून ते बालक एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारीत चालू लागते; हे पाहून ‘बघा, कसा आनंदानं नाचतोय,’ असे उद्गार त्याची मावशी काढते. उंच घसरगुंड्यांवर त्यास उंचीअभावी मज्जाव. त्याच्या वाट्यास येते ते गुडघाभर पाण्याचे उघडे कुंड. आणि पाणी जितके उथळ तितके ते लवकर तापते, हा सृष्टिनियम असल्याने, सकाळपासून सूर्यनारायणाने स्वहस्ते सिद्ध केलेले ते उष्णोदक आमच्या घरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगास मिळाले असते तर मी गृहिणीचे आभार मानले असते. वडील मंडळी दरम्यान लाटांच्या हौदात छातीभर पाण्यात उभी राहून खरोखरीच थंड होत असतात. मोहीम बालकांची असली तरी लाभार्थी कोण, हे तेथे उघड होते.

या साऱ्याचा दोष केवळ आपल्याकडील कारभारास देणे अन्यायाचे होईल, कारण तिकिटाच्या क्रीडोद्यानांच्या पंथातील महापीठाचा आरंभच असा झाला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी पारा अडतीस अंशांच्या आसपास होता, म्हणजे भंडाऱ्यात ज्यास ‘आज हवा जरा बरी आहे’ असे म्हणतात तितका. नळकारागिरांच्या संपामुळे शौचकूपे चालू ठेवावीत की पिण्याच्या पाण्याची कारंजी, असा प्रसंग डिस्नेंवर ओढवला; त्यांनी शौचकूपे निवडली, आणि कोरड्या कारंज्यांसमोर उभ्या राहिलेल्या जनसमुदायाने असा तर्क केला की शीतपेये खपविण्यासाठीच हा डाव रचलेला आहे. घाईने अंथरलेले डांबर पुरते घट्ट झाले नव्हते. त्यात स्त्रियांच्या उंच टाचा रुतल्या. तेथे जे संपामुळे घडले ते आपण येथे नियमावलीने घडवितो, एवढाच काय तो फरक.

आता साधनसामग्रीविषयी. सुशिक्षित पिता या मोहिमेवर निःशस्त्र जात नाही. गळ्यात अडकवावयाचा विजेरीवरचा पंखा तो घरबसल्या मागवितो, आणि हवा ४० अंशांच्या वर गेली म्हणजे पंखा अंगाला थंड करण्याऐवजी तापवितो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा त्याने वाचलेला नसतो. मूल हे आकाराने लहान, परंतु वजनाच्या मानाने त्याचे कातडे अधिक. त्यामुळे बाहेरची हवा अंगाहून तप्त असली की ती त्याच्या देहात मोठ्या माणसापेक्षा अधिक वेगाने शिरते, त्यास घामही कमी येतो, आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचे त्यास कळतच नाही. अशा देहावर कोरड्या हवेचा झोत सोडणे म्हणजे भात्याने निखारा फुंकणेच होय. पंख्याच्या जोडीस ‘कूलिंग टॉवेल’ नावाची वस्तू असते. पाण्यात भिजवावी, पिळावी आणि मानेवर टाकावी, अशी तिच्या वेष्टनावर सचित्र सूचना असते.

‘बापू, लेकराच्या डोक्याले ओला दुपट्टा बांध,’ असे आजी नेमके हेच, तेही विनावेष्टन, निघतेवेळी सांगत होती, तेव्हा तिची गणना अंधश्रद्धाळूंत झाली. मुंबईच्या दमट हवेत ओल्या फडक्याचा उपयोग मर्यादित. परंतु आपल्याकडील कोरड्या उन्हात पाणी झरझर उडून जाते आणि जाताना अंगातली उष्णता सोबत नेते, याच न्यायाने वाळ्याची ताटी चालते, माठ चालतो आणि कूलरही चालतो. आजीने खिशात कांदा घालावयास सांगितला, त्याबाबत मात्र मी तिची वकिली करणार नाही. इतकेच म्हणेन, की घरातला कांदा शोधण्यात जी अर्धी घटका जाई तेवढा काळ तरी मूल सावलीत राही.

ज्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणून ख्याती, तेथील माणसाने गारव्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात तिकीट काढावे, यातील विनोद माझ्या पदरचा नव्हे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार हेरून, पाळी बांधून, गावोगाव तलाव निर्माण केले. ते भातासाठी होते, तरी त्यांच्या पाळीवरच्या झाडांखाली पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या दुपारी गेल्या. हा मुलूख मध्य प्रदेशात असता १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे येथली जमीनदारी, गेली, तिच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले, आणि सरकारने त्यांत गाळ साचू दिला. ‘मालगुजारी तलाव’ हे नाव तेवढे दप्तरी शाबूत राहिले. लहानग्यांना त्या गाळाच्या पाण्यात सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. दर उन्हाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावी एखादे घर त्यापायी काळवंडते. परंतु झाडाखाली बसण्यास पोहता यावे लागत नाही, आणि सावलीवर अद्याप कर बसलेला नाही.

तथापि सावली दाखवून गृहस्थाचे समाधान होणार नाही, हे जाणून मी मायबाप सरकारकडे एक विनम्र दरखास्त करण्याचा विचार केला आहे. तिचा मसुदा असा, की नवतप्यात सर्व जलउद्यानांनी सायंकाळी सहा वाजता दारे उघडावीत व रात्री अकरा वाजता मिटावीत. बालकांच्या कुंडावर छप्पर घालावे. घरचे पन्हे व ताक यांस दस्तकाविना आत येऊ द्यावे. एका उद्यानचालकास मी हा मसुदा वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, छपराच्या कलमास तत्त्वतः मान्यताही दिली, आणि वेळेच्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, ‘पण साहेब, रात्री लेकरांना तहान लागत नाही हो.’