कामून पळायलाव, सर?

चाळिशी ओलांडली, पगार वेळेवर खात्यात पडतो, मोटारसायकल दारातून उचलून दारात सोडते आणि बुटाची लेस बांधताना श्वास धरून ठेवावा लागतो, अशा नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले, आडतवाले, कृषी सेवा केंद्राचे मालक हे सगळे यात बसतात. शेतात राबणाऱ्यांनी ती वाचायची गरज नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला 'एन्ड्युरन्स' समजावून सांगायला गेलात, तर ती एकदा मान वर करून बघेल आणि पुढच्या बोंडाला हात घालेल.

कारण जमवणे

बूट, घड्याळ, मैदान हे सगळं नंतर. आधी कारण लागतं. मोठा माणूस पळताना दिसला की उमरीत तीनच शक्यता धरतात: गाडी सुटायली, कुत्रं मागं लागलंय, नाहीतर शुगर निघाली. 1948च्या जानेवारीत निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली, तेव्हा त्यांच्याकडे पळायला सबळ कारण होतं आणि गावाने ते आजवर अभिमानाने सांगितलं आहे. तुमच्याकडे तसलं काही नाही. म्हणून पहिल्याच सकाळी कुणीतरी गाडी हळू करून विचारणार, "कामून पळायलाव, सर? शुगर निघाली का?"

उत्तर आधी पाठ करून ठेवा. "असंच, तब्येतीसाठी" म्हणालात तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला अटॅक येऊन गेल्याची बातमी पसरते आणि रात्री धर्माबादहून मेहुण्याचा फोन येतो. "मॅरेथॉनची तयारी चाललीय" म्हणालात तर पुढचा प्रश्न, "बक्षीस किती?" बक्षीस नाही, उलट आपणच फी भरायची, हे कळलं की समोरचा काही बोलत नाही, पण भावकीच्या वाटणीत तुमचा सल्ला घेणं त्या दिवसापासून बंद होतं. चालणारं उत्तर एकच: "डॉक्टरनं सांगितलंय." यावर कुणी वाद घालत नाही. फार तर कोणत्या डॉक्टरनं ते विचारतात आणि त्यापेक्षा चांगला सुचवतात.

हे उत्तर खोटं पडू नये म्हणून खरोखरच डॉक्टरकडे जाऊन या. रक्तदाब, साखर आणि चाळिशीपुढच्यांनी ईसीजीसुद्धा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तो सांगा, लपवू नका. सोयरीक जुळवायला गेलेला नाहीत. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. गॅस झाला असेल म्हणून ओवा चावत घरी जायचं नाही.

हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायला एक ढोबळ सूत्र आहे: 220 वजा वय. इथे आपल्या पिढीची अडचण होते. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनला लावून दिला आहे. तेव्हा कोणतं वय वजा करायचं, टीसीवरचं की आईच्या आठवणीतलं? धावपटू फौजा सिंग यांचंही असंच झालं. त्यांनी 2000 साली, 89 वर्षांचे असताना, लंडनला पहिली मॅरेथॉन केली आणि 2011 मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी आणखी एक पूर्ण केली. पण जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजने नोंद घेतली नाही. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने त्यांच्या पंजाबात जाता येतं, पण दाखल्याचा प्रश्न तिकडे गेल्यानेही सुटत नाही. म्हणून सूत्र सोडा आणि बोलून बघा. पळताना वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग सुरुवातीला बरोबर. उमरीतल्या माणसाला कोणत्याही वेगात बोलता येतं, म्हणून ही परीक्षा एकट्याने घ्यावी.

वेळ, आणि त्या वेळेची पोरं

पहाटे पाच. उन्हाळ्यात त्याच्याही आधी, कारण मे महिन्यात सात वाजले की ऊन मानगुटीवर बसतं. उन्हाची सवय शरीराला लागते, पण तिला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. एप्रिलभर कूलरसमोर झोपून मेच्या पहिल्या तारखेला पळायला निघणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

रस्त्यावर तुम्ही एकटेच असाल असं वाटेल. नसता. अंधारातून आधी पावलांचा आवाज येतो, मग दहा-बारा जण शेजारून निघून जातात. ही भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. 1600 मीटरचे पैकीच्या पैकी 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. वरच्या सेकंदांना भाव आहे. एकाच्या मोबाइलवर स्टॉपवॉच, तळव्याला फेव्हिक्विक लावलेले बूट, काहींच्या पायांत तेही नाहीत. आदल्या संध्याकाळी घरच्यांबरोबर सोयाबीनला पाणी देऊन आलेली, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी ही पोरं.

त्यांतला एक हमखास तुमचा जुना विद्यार्थी निघतो. "गुड मॉर्निंग सर" म्हणताना त्याचा श्वास जरासुद्धा हलत नाही. तो पुढे जाऊन, वळून, परत येताना पुन्हा एकदा "गुड मॉर्निंग सर" म्हणतो, तेव्हा तुम्ही अजून त्याच बाभळीपाशी असता.

नवशिक्यांसाठी सूचना: त्यांच्याबरोबर स्पर्धा करू नये. ती पोरं नोकरी लागावी म्हणून पळतात, तुम्ही नोकरी लागली म्हणून. चारशे मीटर त्यांच्या मागे तोंड उघडून पळण्यापेक्षा शेवटच्या खुणेपाशी उभं राहावं आणि प्रत्येकाची वेळ मोठ्याने सांगावी. तुमच्या मनगटावरच्या महागड्या घड्याळाचा यापेक्षा चांगला उपयोग ही मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला माहीत नाही. एखाद्याचे बूट फारच गेले असतील तर तुमच्या घरी कपाटात पडलेला जुना जोड त्याच्या मापाचा आहे का ते बघावं. नसला तर दुकान कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

कारण असलं की माणूस कोणत्याही वयात पळतो, याचा दाखला लता भगवान करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीकडे आलेल्या. नवऱ्याच्या एमआरआय तपासणीला पैसे नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटाला रोख बक्षीस आहे असं कळलं. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 साली निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि 67व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या सराव वेळापत्रकाची चौकशी करू नका. शेतमजुरी हेच ते वेळापत्रक होतं.

रस्ता, चिखल, कुत्री

पावसाळ्यात डांबर सोडून पाणंद रस्त्याला जाण्याचा मोह आवरावा. आपली काळी माती पहिल्या वीस पावलांत बुटाला धरते, पुढच्या वीस पावलांत त्या मातीला माती धरते आणि मग पायाखाली बूट नसून ढेकूळ असतं. उभं राहून काडीने खरवडायला लागलात की बांधावरचा गडी विचारतो, "सर, कुणाच्या शेतात चाललाव?" वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नका. मराठवाड्यात विजेने दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. त्या दिवशी सुट्टी घेतल्याने कुठलीही मॅरेथॉन बुडत नाही.

कुत्र्यासाठी थांबणे हाच उपाय. पळालात की त्याला वाटतं, हा काहीतरी घेऊन चालला. थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवा, दगड उचलल्यासारखं वाका. उमरीतल्या कुत्र्यांना एवढी खूण पुरते. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-चुना नको, कुत्रं पाळीव असलं तरी लस चुकवणं नको.

कपडे

पुरुषांनी हाफ पँट घालावी की नाही यावर गावात दोन मतं आहेत: वडील हयात असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं. ट्रॅक पँट घालून वाद टाळा. बायकांना या बाबतीत मार्गदर्शनाची गरज नाही. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून त्या चौघी-पाचजणी मिळून आधीच निघालेल्या असतात, भरभर चालतात आणि नळ यायच्या आत घरी पोचतात. त्यांचं वेळापत्रक कोणत्याही ॲपपेक्षा कडक आहे. चुकलं तर दोन दिवस पाणी नाही.

अंतर किती वाढवायचं

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायला सांगते. चौकात उभं राहून राजकारण बोलल्याची मिनिटं यात धरत नाहीत. पहिला महिना एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. लाज वाटली तर फोन आल्यासारखं दाखवून चाला. पुढे आठवड्याला थोडं थोडं. पळाल्याने गुडघे झिजतात असं सांगणारे भेटतील, आणि ते बसूनच सांगतील. हौशी धावपटूंचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त खराब होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही; गुडघा दुखतो तो एकदम वाढवलेल्या अंतराने. चाळिशीनंतर दर दशकाला स्नायू कमी होत जातात, म्हणून बैठका घाला. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या काळात तालमीत कुणी याला 'स्ट्रेंथ ट्रेनिंग' म्हणत नव्हतं, पण तेच होतं.

पोटात काय

अंतर तासाभराच्या आतलं असेल तर काही लागत नाही. त्यापुढे पाकिटातलं जेल घ्यावं असं पुण्या-मुंबईचे लोक सांगतात. अर्धापूरचं केळं घ्या. त्याचं पाकीट निसर्गानेच दिलंय आणि ते रस्त्याकडेच्या शेळीला चालतं. गूळ-शेंगदाणेही चालतात. घाम फार गेला असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, कारण रक्तातलं मीठ पातळ झालं की डोकं गरगरतं आणि पुढे जिवावर बेततं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेलं ताक. घरी परतल्यावर सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे. बसस्टँडवरची गरम भजी हा पळण्यानंतरचा आहार नाही; पळून झाल्यावर गटाने तिकडेच जायचं ठरलं असेल तर निदान पळण्याचं अंतर भज्यांच्या प्लेटीवरून ठरवू नका.

मुंबई

वर्षभर टिकलात तर एक दिवस कुणीतरी फॉर्म भरायला लावतो. लक्षात ठेवा, 42.195 किलोमीटर हा आकडा कुणा डॉक्टरने काढलेला नाही. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपली, तेवढं ते अंतर भरलं. पुढे 1921 साली तेच कायम झालं. राजघराण्याच्या सोयीसाठी वाढलेले ते शेवटचे किलोमीटर तुमच्या पिंढऱ्यांत येणार आहेत. तेव्हा पहिल्या वर्षी दहाचीच धाव घ्या, फार तर अर्धी.

देवगिरी एक्स्प्रेसचा शेवटचा थांबा सीएसएमटी, आणि जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉनची पूर्ण धावही सीएसएमटीवरूनच सुटते. म्हणून गाडीतून उतरून थेट पळायला उभं राहता येईल असं वाटतं. तसं करू नका. छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावं लागतं आणि ठाण्याच्या मावसभावाकडे तुमच्या जेवणाचं ठरलेलं असतं. आदल्या रात्री तिथे पुरणपोळीचा आग्रह होईल. दोनच घ्या. तूप नको म्हणालात तरी पडणारच.

पुढे कधी पूर्ण धाव घेतलीच, तर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातली साखर संपते आणि पाय ऐकेनासे होतात. शेगावहून पंढरपूरला महिनाभर पायी जाणारी आपल्याकडची म्हातारी माणसं या भिंतीला थडकत नाहीत, कारण ती पळत नाहीत, वाटेत जेवतात आणि रात्री झोपतात. तुम्हीही त्या ठिकाणी चाला. फोटो काढणारे पुढे आहेत, तिथे पळा.

परतल्यावर पदक गळ्यात घालून स्टेशनवर उतरू नका. ते सोन्याचं आहे का, हे प्रत्येकाला सांगत बसावं लागेल. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा. जिना उतरायचा असेल तर कठड्याला धरून, तोंड मागे करून उतरा. काम तहसीलच्या वरच्या मजल्यावर असेल तर बुधवारी जा. साहेब तसेही सोमवारी भेटत नाहीत.