चालतीबोलती लॅब

नांदूरघाटात शहाळं विकत घेणं सोपं आहे. गुरुजी शेजारी उभे असताना ते पिणं अवघड. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होताना गुरुजींनी सातवीचं विज्ञान शाळेत ठेवलं नाही, सोबत घरी आणलं. तेव्हापासून गावात खाण्याजोगं जे जे येतं त्याची परीक्षा ते घेतात, आणि आजवर कोणी पास झाल्याचं ऐकिवात नाही. केळी पावडरची, दूध युरियाचं, कलिंगड इंजेक्शनचं. गावातली पोरं त्यांना पाठीमागं ‘लॅब’ म्हणतात. बायको तोंडावर म्हणते.

उन्हाळ्यात सगळ्यांत कडक तपासणी शहाळ्याची. जे आपल्या शिवारात पिकत नाही ते संशयित, हा गुरुजींचा पहिला नियम. आणि बालाघाटाच्या या मुरमाड रानात नारळाची बाग कुठून येणार? माल येतो थेट कर्नाटकातून, मंड्या जिल्ह्यातल्या मद्दूरच्या बाजारातून, ट्रकनं.

‘‘एवढ्या लांबून येतंय, तरी हिरवंगार कामून?’’ गुरुजी विचारतात.

‘‘साल हाय ना गुरुजी अंगावर,’’ शहाळेवाला म्हणतो. हा पोरगा ऊसतोडीचा पट्टा पडला की फाट्यावर गाडा लावतो. उसावर बसलेला हात आता शहाळ्यावर चालतो.

गुरुजींना हे उत्तर पटत नाही, कारण त्यांच्या मोबाइलवर मेसेज आलेला असतो. शहाळी केमिकलच्या हौदात बुडवतात! मेसेज अगदीच हवेतला नाही. थायलंडहून परदेशी जाणारी शहाळी हिरवी साल काढून, आतला पांढरा काथ्या तासून, टोकदार टोपीच्या आकाराची करतात. तासलेला भाग लगेच तांबूस पडतो. पडू नये म्हणून ती सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात आणि वर प्लॅस्टिक ताणून बसवतात. काही दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होतो, हेही खरं. पण आपलं शहाळं सालीसकट, घडासकट येतं. तासलेलंच नाही, तर बुडवणार कशाला? मेसेज मात्र फाट्यावरचा गाडा ओळखत नाही, आणि गुरुजी मेसेजशिवाय काही ओळखत नाहीत.

मग तपासणी सुरू होते. आधी ओल्या रुमालानं साल घासायची, रंग निघतो का पाहायला. रुमालावर रस्त्याची धूळ येते. गुरुजी तिचा वास घेतात आणि अर्थपूर्ण मान हलवतात. मग भिंगातून इंजेक्शनचं भोक शोधायचं. मग कानाशी धरून हलवायचं. पाणी वाजलं तर ‘‘जुनं हाय’’, नाही वाजलं तर ‘‘आत काय भरलंय?’’ कोवळं शहाळं पाण्यानं गच्च असतं म्हणून वाजत नाही, हे पोरगा दरवेळी सांगतो. दरवेळी गुरुजी ते नव्यानं ऐकतात.

‘‘पाण्याचं देऊ का मलईचं?’’

‘‘निर्दोष दे.’’

पोरगा डाव्या तळव्यावर शहाळं फिरवत कोयत्याचे तिरपे घाव घालतो. साल उडते, काथ्या उडतो, करवंटीचा पांढुरका घुमट दिसू लागतो. शेवटचा घाव अगदी हलका, आणि कोयत्याच्या टोकानं झाकण उचललं की एक थेंबही सांडत नाही. पाणी पिऊन झालं की दोन फाका, आणि सालीच्याच कपच्याचा चमचा.

खरा घोळ इथं होतो. गुरुजी मलईला बोट न लावता पाच-दहा मिनिटं फाकेचं निरीक्षण करत बसतात, आणि तेवढ्यात चिरलेला काथ्या तांबूस पडू लागतो. ‘‘हे बघा! केमिकल!’’ आरोळी ऐकून चार गिऱ्हाइकं थबकतात, दोन परत फिरतात. चिरलेलं वांगं काळं पडतं त्याच कारणानं हा काथ्या तांबूस होतो. उलट केमिकलमध्ये बुडवलेलं असतं तर तो पांढराच राहिला असता. म्हणजे निर्दोष असल्याचा पुरावाच गुरुजी गुन्हा म्हणून नोंदवतात.

विचारण्याजोगा एक प्रश्न आहे, तो ते विचारत नाहीत. नारळावर कोळी कीड पडली की काही ठिकाणी झाडाला मुळातून औषध पाजतात, आणि त्यानंतर ठरावीक दिवस फळं उतरवायची नसतात. ते दिवस पाळले का? पण हा प्रश्न तोंडातून निघाला तर तो गुरुजींच्याच भेंडीपर्यंत पोहोचेल. परवा फवारलेली भेंडी आज बाजारात गेलेली असते. ‘‘ती बाजाराची,’’ गुरुजी सांगतात. ‘‘घरच्याचा वाफा वेगळा हाय.’’

एकदा त्यांचा भाचा सुट्टीवर आला. साखर कारखान्यात केमिस्ट. गुरुजींनी त्याला मोठ्या अपेक्षेनं विचारलं, ‘‘हे मेटाबायसल्फाइट करतं तरी काय?’’

‘‘त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, मामा. गंधक जाळल्यावर येतो तोच वायू. आमी कारखान्यात तेच करतो. रसात चुना घालायचा आणि गंधकाचा धूर सोडायचा, म्हणून तर साखर पांढरी होती. थोडा अंश राहतो, पण त्याला मर्यादा ठरलेली असती.’’

ओसरीवर शांतता पसरली. गुरुजींच्या हातात चहाचा कप होता, चार चमचे साखरेचा, आणि साखर सभासदाच्या कार्डावरची. शहाळेवाला नेमका उरलेली शहाळी घेऊन दारावरून चालला होता, तोही थांबला. ‘‘मंग गुरुजी, आता साखर बंद का?’’

गुरुजींनी कप खाली ठेवला नाही. एक मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि निकाल दिला.

‘‘येड्या, आपल्या कारखान्याचं गंधक वेगळं असतं. तिथं आपला शेअर हाय.’’