चाळीस आवाजांचे भाऊ

जळगावात गोलाणी मार्केटच्या जिन्यात किंवा धुळ्यात आग्रा रोडवर एखादा माणूस बारीक वायरीचं टोक दातांनी सोलताना दिसला, तर त्याला ‘गिटार वाजवता का?’ असं विचारू नका. दुखावतो. वाजवणारे पैशाला पासरी. हा गिटारीचं वायरिंग करतो. नाव काहीही असो, सगळे त्याला भाऊच म्हणतात. शर्टाच्या खिशाला टेस्टर, उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आणि बोलण्यात सदैव हंबकर.

भाऊंचं दैवत म्हणजे सेथ लव्हर. गिब्सन कंपनीतल्या या माणसाने 1955 साली हंबकरच्या, म्हणजे घरघर मारणाऱ्या पिकपच्या, पेटंटचा अर्ज केला आणि ते मिळालं 1959 साली. पिकप म्हणजे तारांखालचा, त्यांचा सूर पकडणारा भाग; त्याआधीच्या बहुतेक पिकपमध्ये एकच कॉइल असे. ती तारेचा सूर पकडायची तशीच घरातल्या विजेची घरघरही पकडायची. लव्हरने शेजारी दुसरी कॉइल बसवली, तिचं वेटोळं उलटं, चुंबकही उलटा. त्यामुळे सुराची बेरीज होते आणि घरघरीची वजाबाकी. भाऊ हे सांगताना डोळे मिटतात. त्यांच्या आई मात्र वीज गेली की ओट्यावरून म्हणतात, “आते कशी गुपचूप शे तुनी गिटार!” लोडशेडिंगइतका पक्का हंबकर अजून निघालेला नाही, हे भाऊही खासगीत मान्य करतात.

हंबकरमधून चार वायरी निघतात, शिवाय एक उघडी तार, अर्थिंगची. भाऊंच्या आयुष्याचा घोळ या चार वायरींत आहे. सेमूर डंकनचा पिकप असेल तर काळी वायर गरम म्हणजे सूर नेणारी, हिरवी अर्थला, लाल-पांढरी एकमेकींत. डिमार्झिओचा असेल तर लाल गरम आणि काळी-पांढरी एकमेकींत. स्वस्तातला बेनामी पिकप असेल तर रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, मल्टिमीटर लावून जोड्या जुळवायच्या. पत्रिका बघणारे गुरुजीही इतका वेळ घेत नाहीत.

दोन्ही कॉइल एकीपुढे एक जोडल्या की सिरीज. एकेक चार किलोओहमची असेल तर मिळून आठ, आवाज दणकट. शेजारी-शेजारी जोडल्या की पॅरलल. मीटर दोनच दाखवतो. आवाज हलका, पण लख्ख, आणि घरघर तरीही नाही. दिवाळीच्या लायटिंगच्या माळेसारखं आहे: सिरीजमध्ये एक कॉइल तुटली की सगळाच अंधार, पॅरललमध्ये उरलेली बिचारी गात राहते. एक कॉइल बंद केली की स्प्लिट; जुन्या पिकपसारखा पातळ आवाज येतो आणि लव्हरसाहेबांनी घालवलेली घरघरही परत येते. एका पिकपमधली एक कॉइल उलटी जोडली तर आणखी मजा. सुराची वजाबाकी आणि घरघरीची बेरीज! आमच्याकडच्या पुष्कळ संस्थांचा कारभार याच जोडणीवर चालतो, पण ते असो.

यातले दोन पर्याय एका बटणात मावावेत म्हणून भाऊ व्हॉल्यूमच्या जागी ओढायचं बटण बसवतात. त्याच्या पोटात सहा पायांचा स्विच असतो. मेच्या उन्हात जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना ते पंखा बंद करून त्या सहा पायांवर सोल्डर टेकवत बसतात, कारण वाऱ्याने सोल्डर लवकर गार होतं. घामाचा थेंब नेमका तापल्या टोकावर पडतो, चर्र होतं. भाऊ हलत नाहीत.

मग हिशेब. एका पिकपचे चार आवाज: सिरीज, पॅरलल, ही कॉइल, ती कॉइल. दोन पिकपचे आठ. दोन्ही एकदम लावले तर सोळा. एका पिकपची फेज उलटवली, म्हणजे त्याची गरम आणि अर्थची वायर अदलाबदल केली, तर आणखी सोळा. एकूण चाळीस. हे ऐकवून ते सव्वा गाणं वाजवून दाखवतात. त्यातलं पाव म्हणजे ट्यूनिंग.

लग्नसराईत ऑर्केस्ट्रावाला दारात उभा असतो. “भाऊ, पारोळाले हळद शे, गिटार दी टाका ना!” भाऊ झाकण उघडूनच बसलेले. “फेजचा स्विच राहिलाय,” म्हणतात. शेवटी गिटार जाते, गाडीवर रचलेल्या भोंग्यांतून वाजते, पुढे ढोल, मागे जनरेटर. चाळीसपैकी कुठला आवाज लागलाय हे नवरदेवाच्या बापालाच काय, वाजवणाऱ्यालाही कळत नाही. वर मांडवात अर्थिंगच नसतं, त्यामुळे गिटार हातात धरून माइकला ओठ लावताच गायकाला झटका बसतो. त्यावर कुठल्याही हंबकरचा इलाज चालत नाही. नीट अर्थिंग करून घ्यावं लागतं, ते लग्नघरचा इलेक्ट्रिशियन उद्या करतो.

तरी सांगतो, बिघडलेली गिटार दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. सुटलेलं सोल्डर भाऊ नुसत्या कानाने शोधतात आणि मजुरी मागायला लाजतात. फक्त देण्याआधी झाकण उघडून मूळ वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा, आणि कार्यक्रमाची तारीख खरी आहे त्याच्या आठ दिवस आधीची सांगा.