टक्का, वजा, वीस, एस

काही माणसांना भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की घास उतरत नाही. आमचा रकानेवाला त्यांतलाच. पंगतीला बसला की आधी शेजारच्याचं ताट ओळीत सरकवणार, मगच पांढऱ्या रश्श्याला हात लावणार. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत (पाहुण्यांनी झुंबरं शोधू नयेत, इथं फौंड्र्या आहेत) तो आणि मी एका कंपनीच्या संगणक विभागात आहोत. विभाग म्हणजे दोन खुर्च्या, एक लिनक्सचा सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी.

काम साधं होतं. हजेरीच्या मशीनमधून रोज सकाळी कुठल्या गावचे किती कामगार आले ते काढायचं, म्हणजे कँटीनला डाळ किती टाकायची ते कळतं. मी चार ओळींची बॅश स्क्रिप्ट लिहिली, एको या आज्ञेनं छापली. आकडे बरोबर होते. रकानेवाल्यानं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय गा, ह्या काय शेणी थापल्यात?"

मग त्यानं शिकायला घेतलं. पहिल्यांदा टॅब. टॅब दर ८ घरांवर थांबतो. नाव जरा लांबलं की पुढचा आकडा एक थांबा ओलांडून उतरतो, एसटीत डुलकी लागलेल्या माणसासारखा. मग प्रिंटएफ ही आज्ञा सापडली आणि गड्याला देव भेटला. 'टक्का, वजा, वीस, एस': नाव डावीकडं टेकवा, वीस घरं राखून ठेवा. 'टक्का, पाच, डी': आकडा उजवीकडं टेकवा. टपरीवरही हेच चालायचं. चहावाल्याला वाटलं, वीस टक्के कमी करून मागतोय. एको ओळ आपणहून मोडतो, प्रिंटएफला तसं सांगावं लागतं, हे कळायला एक अख्खी सकाळ गेली. त्या दिवशी सगळा तालुका एकाच ओळीत उभा होता. शिवाय ओळ ८० घरांच्या पुढं न्यायची नाही, हा नेम. आयबीएमनं १९२८ साली पंचकार्डाला ८० रकाने दिले तेव्हाची ही रीत, असं तो घराण्याचा कुळाचार सांगावा तसं सांगतो.

इंग्रजीत रिपोर्ट देखणा झाला. साहेब म्हणाले, "गावांची नावं मराठीत करा, कँटीनच्या मावशींना वाचता येईनात."

आणि घात झाला. कागल, मुरगूड, कोल्हापूर, तिघांनी तीन वाटा धरल्या. कारण शोधण्यात रकानेवाल्याच्या तीन रात्री गेल्या. बॅशचं प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइटचं. 'कागल' भरलं १२, 'मुरगूड' १८, आणि 'कोल्हापूर' २७. त्याला वीस घरांचा वाडा पुरेचना. बरं, बाइट सोडून चिन्हं मोजावीत, तर उकारही वेगळा धरला जातो. 'मुरगूड' डोळ्याला चार, यंत्राला सहा.

"काना-मात्र्याचंबी भाडं लावतंय गा हे," तो म्हणाला. डोळे तांबडे झालेले. मावशी तेवढे दिवस अंदाजानं डाळ टाकत होत्या. एकदाही कमी पडली नाही, पण हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवारी उसाची लावण होती. त्याचे वडील दोरी धरून सरी बघत होते, हा बांधावर बसून त्यांना बाइट समजावत होता. म्हाताऱ्यानं दोरी न सोडता ऐकलं.

"वाकडं हाय ते बांधाकडं सारायचं, पोरा. मधी कशाला घेतोस?"

सोमवारी रकानेवाला शिफ्टच्या आधीच हजर. आकडा पुढं घेतला, नाव ओळीच्या शेवटी ढकललं. नावाच्या पुढं काही नाहीच, तर वाकडं व्हायचं काय? पडद्यावर आकडे असे उभे राहिले की मीही क्षणभर खुर्ची सरळ केली.

रिपोर्ट साहेबांना व्हॉट्सॲपवर गेला. तिथं प्रत्येक अक्षर आपापल्या अंगलटीचं, आणि रिकामी जागा आकड्यापेक्षा बारीक. उजवीकडं टेकवलेले आकडे पुन्हा झिंगल्यागत. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. माझ्या लेखी विषय संपला होता, पण रकानेवाल्यानं तोवर फोन लावला होता.

"साहेब, फोन जरा आडवा धरून बघता का?"