वेदीपाशी ठेवलेले डांगर

डांगर नऊ किलोंचे होते. किराणा दुकानाच्या काट्यावर घालून पाहिले म्हणून छातीठोक सांगतो. शहरातले लोक त्याला लाल भोपळा म्हणतात. आम्ही तिसगावकर डांगरच म्हणतो, आणि ते बरेच आहे. 'देवाला भोपळा दिला' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटायचे, याने पेटीत काहीच टाकले नाही.

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत पिकातला पहिला वाटा देवळात आणायची चाल आहे. पाथर्डी तालुक्याचे आकाश उदार नाही, त्यामुळे वाटाही बेताचाच असतो. दिवाळीच्या आगेमागे अर्धी मंडळी ऊसतोडीला कारखान्यांच्या वाटेला लागते, म्हणून ट्रक यायच्या आत सण उरकायचा. बाजरीची कणसे, पायलीभर मूग, अंडी, वांगी, एखादी कोंबडी असे सगळे वेदीपुढे मांडतात. कोंबडीचे पाय बांधलेले असतात, तोंड मोकळे. त्यामुळे लांबलेल्या प्रार्थनेला पहिले 'आमेन' तिचेच पडते. उपासना संपली की अंगणात लिलाव. तिथे दहा रुपयांचे वांगे दोनशेला जाते, आणि घेणारा ते असे उंच धरून घरी नेतो, की वांगे नव्हे, ढालच जिंकली.

तर माझे डांगर वेदीपुढे मधोमध बसले होते आणि मी पहिल्या बाकावर. पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला. डोंगरावरचे प्रवचन लहानपणापासून इतक्यांदा ऐकले आहे, की कोणत्या ओळीला कोण खोकतो हेसुद्धा मला पाठ आहे. पण त्या दिवशी त्यांनी धरला अर्पणाचा भाग. माणूस दान घेऊन वेदीपर्यंत पोहोचला आहे, आणि तिथे त्याला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे. तर दान तिथेच ठेवायचे, मागे फिरायचे, आधी भावाशी समेट करायचा, मग येऊन दान द्यायचे.

मी निवांत होतो. माझा भाव स्वच्छ होता. चुलतभावाविरुद्ध माझ्या मनात पुष्कळ होते, पण त्याबद्दल वचनात अवाक्षर नाही! तिथे प्रश्न आहे तो भावाच्या मनात काय आहे याचा. त्याच्या मनात काय आहे ते त्याने पाहावे. असा मी बाकाला पाठ टेकवून बसलो आणि नजर डांगरावर गेली. त्याच्या देठाला वाळलेल्या वेलाचा तुकडा होता, आणि तो मला बघून घेतल्यासारखा वळला होता.

इथे बांधाची हकिकत सांगितली पाहिजे.

माझे रान आणि त्या चुलतभावाचे, म्हणजे दादाचे, रान यांच्यामध्ये एक बांध आहे. आजोबांच्या काळी त्यावरून बैलगाडी जायची असे दादा सांगतो. आता मुंगीसुद्धा तोल सावरत जाते. बांध मी कोरला असे त्याचे म्हणणे आणि त्याने कोरला असे माझे. आम्ही पैसे भरून मोजणी आणली. मोजणीत निघाले, की आम्ही दोघे मिळून तिसऱ्याच रानात तीन हात शिरलो आहोत. त्या दिवशी फक्त आमचे एकमत झाले: मोजणी चुकली आहे. त्यानंतर पाच वर्षे बोलणे बंद. म्हणजे दादा माझ्याशी बोलत नाही, बैलाशी बोलतो आणि मी ऐकतो. "तुला तरी कळतं का रे सर्ज्या, बांध कुठं संपतो?" असे तो बांधाच्या पलीकडून विचारतो. सर्जा उत्तर देत नाही. तो माझ्याहून शहाणा आहे.

आता त्या डांगराविषयी. बी मी लावले होते, वेल माझ्या बाजूचा. पण वेलाला मोजणी कळत नाही. तो बांध चढला, पलीकडे उतरला आणि दादाच्या रानात जाऊन फळाला आला. वेल ज्याचा त्याचे फळ, हा माझा कायदा. जमीन ज्याची त्याचे फळ, हा दादाचा असणार. म्हणून वाद नको या शांतताप्रिय विचाराने मी सणाच्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, बांधापलीकडे वाकून ते तोडून आणले होते.

मग मात्र पाठ बाकाला टेकेना.

मी गणिताचा मास्तर, सेवानिवृत्त. क्षमेचा मामला मी यापूर्वीही गणिताने सोडवून पाहिला आहे. पेत्राने विचारले होते, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? त्यावर प्रभूंनी सत्तर गुणिले सात सांगितले. ४९०. आकडा ठरलेला असला की मला हुरूप येतो. मी शंभर पानी वही घातली. तारीख, अपराध, क्षमा, शिल्लक असे चार रकाने पाडले. काही विद्वानांच्या मते मूळ आकडा ७७ आहे, हे कानावर आले तेव्हा तर मोठा दिलासा मिळाला, कारण मी ३७ पर्यंत पोहोचलो होतो. एके दिवशी ती वही आमच्या घरात सापडली. "ही क्षमेची वही?" सौभाग्यवती म्हणाल्या. "वाण्याची खतावणी बरी, त्यात कधीतरी 'रुजू' तरी लिहिलेलं असतं." दुसऱ्या दिवशी त्या वहीची कोरी पाने वाणसामानाच्या यादीला गेली आणि लिहिलेली चुलीत.

या बांधाचे आमच्या बायकांनी पाच वर्षांत काडीचे मनावर घेतलेले नाही. वहिनी आणि ही विहिरीवर तासन्तास बोलतात. मी एकदा तत्त्वाचा मुद्दा काढला, तर हिने लक्ष्मीबाई टिळक काढल्या. आमच्या घरात बायबलच्या शेजारी त्यांचे 'स्मृतिचित्रे' असते आणि भांडणात दोन्हींतले दाखले चालतात. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले ते बायकोला मागे ठेवून. पुढची काही वर्षे ताटातूट. बाई नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे आणि आपली चूल सांभाळून. मन बदलले ते पुढे, कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर जात माणसानेच केली आहे हे स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा. बाप्तिस्मा झाला १९०० साली. "म्हणजे बघा," ही म्हणाली, "पटलं म्हणून आल्या नाहीत. आधी आल्या, मग पटलं. तेही चूल वेगळी ठेवून. तुमच्यात तर नुसता बांध वेगळा आहे."

यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी बायबलातल्या मार्थेचा विषय काढला: काही बायका कामाच्या रगाड्यात महत्त्वाचे ऐकायचे विसरतात, वगैरे. ही चूक मी पुन्हा करणार नाही. टिळकांच्या नगरच्या घरात बालकवींसारखी किती पोरे येऊन राहिली, जेवली, आणि तो स्वयंपाक ऐकत बसलेल्या मरीयेने केला नाही, एवढे मला त्या रात्री भाकरीऐवजी वाढण्यात आले.

असो. बाकावर बसल्या बसल्या मी पळवाट शोधू लागलो. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. १८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आले, त्या झाडाची ही खेड्यात पसरलेली एक फांदी. आजोबांच्या ट्रंकेत पंडिता रमाबाईंचे बायबल आहे. बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघालेले. सणाच्या आदल्या रात्री हाच अध्याय वाचला जाणार हे कळले होते, म्हणून मी तेही काढून पाहिले होते. एवढ्या विदुषीने ग्रीकमधून काहीतरी सवलत हुडकली असेल अशी आशा होती. नव्हती. सगळ्या भाषांतरांत तक्रार भावाचीच आहे आणि पायपीट माझी.

शिवाय एक भूगोलाचा मुद्दा. हे सांगितले गेले गालीलातल्या माणसांना, आणि वेदी यरुशलेमात. मध्ये पायी तीनएक दिवसांची वाट. म्हणजे गालीलातला शेतकरी कोकरू खांद्यावर टाकून तीन दिवस चालत येणार, रांगेत उभा राहणार, ऐन वेळी त्याला भाऊ आठवणार. मग कोकरू तिथेच बांधून तीन दिवस मागे, भावाच्या पाया पडून पुन्हा तीन दिवस पुढे. मधल्या आठवड्यात कोकराला चारा कोण घालणार, यावर शुभवर्तमान गप्प आहे. मी मनात म्हटले, निदान आपल्याला करंजी घाट ओलांडून नगरला तरी जायचे नाही. दादाचे घर देवळापासून तीनशे पावले.

आणि उठलो. पहिल्या बाकावरून उठून मधल्या वाटेने बाहेर जाणे ही आमच्या देवळात मोठी घटना असते. लोकांनी पोटाचे कारण धरले असावे, कारण दोन-तीन जणांनी सहानुभूतीने पाय बाजूला घेतले. मी खाली मान घालून निघालो. डांगर तिथेच राहिले.

तीनशे पावलांत माणसाला नको ते आठवते. आमच्याजवळच मढी आहे, कानिफनाथांची. तिथल्या यात्रेतला गाढवांचा बाजार महाराष्ट्राला माहीत आहे. लहानपणी झावळ्यांच्या रविवारच्या नाटकाला आम्हा पोरांचा हट्ट, की खरे गाढव मढीहून आणू. आजोबा म्हणाले, घरात दोन असताना विकत कशाला? मग एका गोधडीखाली दादा पुढचे पाय झाला, मी मागचे. येशू झालेला पोरगा अंगाने भरलेला होता. मध्यावर माझा पाय मुडपला. मला काही दिसत नव्हते, कोणीतरी हात मागे करून माझी कॉलर धरली, आणि ते जनावर यरुशलेमात तीन पायांवर पण वेळेत पोहोचले. कॉलर कोणी धरली हे सांगायला नको. पुढच्या पायांना मागचे दिसतात कसे, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

दादाच्या दारात जाऊन मी खाकरलो. वहिनी बाहेर आल्या.

"सलाम, वहिनी. दादा आहे का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मग सूर्याकडे पाहिले. "ते देवळात गेलेत भाऊजी."

"देवळात? मला दिसला नाही तो."

"कसा दिसंल? तुम्ही पहिल्या बाकावर, ते शेवटच्या. पाच वर्षं तुमच्या टाळूकडं बघत उपासना करतात. केस पातळ झालेत म्हणत होते."

चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. भावाच्या डोळ्यातल्या कुसळाची आणि आपल्या डोळ्यातल्या मुसळाची गोष्ट याच प्रवचनात पुढे दोन अध्यायांनी येते. बाजरीच्या रानात राहणाऱ्याला कुसळ काय असते ते सांगावे लागत नाही. मुसळाची ओळख मला वहिनींच्या ओट्यावर, बशीतून चहा पिताना होत होती.

परत आलो तो उपासना सुटलेली. अंगणात लिलाव रंगात आला होता, आणि बोली चालली होती माझ्या डांगरावर. तीनशे दहा. तीनशे वीस. धनी गायब झालेले डांगर म्हणून लोकांना त्यात काही विशेष दिसत असावे. "साडेतीनशे!" असा आवाज पाठीमागून आला. तो आवाज मी पाच वर्षे फक्त बैलाशी बोलताना ऐकला होता. एक वार, दोन वार, तीन वार. दादा गर्दीतून पुढे आला, डांगर उचलले, उलटे करून बघितले आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"डांगर माझ्या रानातलं आहे," तो म्हणाला.

"वेल माझा आहे," मी म्हणालो.

पाच वर्षांनंतरचा आमचा पहिला संवाद तो हा. समेटासाठी मी वाटेत दोन-तीन वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही ओठावर आले नाही. दादाने खिशातून पैसे काढून पेटीत टाकले.

"पहाटे तोडलंस तेव्हा मी धारेला उठलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, बॅटरी दाखवावी का. पण तू आधीच धडपडत होतास."

"मग हाक मारायची."

"बैल झोपला होता."

दोघांपैकी आधी कोण हसले यावर नंतर वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी घारग्यांचा डबा पाठवला. मी माझ्याच वेलाच्या आणि दादाच्याच रानातल्या डांगराचे, त्याने साडेतीनशेला देवाकडून विकत घेतलेले घारगे खाल्ले. गोड होते, वेलदोडा जरा जास्त. हिने डब्यातून मेथीचे लाडू परत धाडले. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढे शास्त्र तिला कुठले वचन न वाचता येते.

बांध आहे तिथेच आहे. मोजणी चुकली यावर आम्ही दोघे ठाम आहोत, आणि त्या तिसऱ्या शेजाऱ्याच्या मनात आमच्याविषयी काय असेल, हा विषय अजून दोघांपैकी कोणी काढलेला नाही. डांगराच्या बिया दादाच्या ओट्यावर सुपात वाळत घातल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्या कोणत्या बाजूला लावायच्या, यावर रोज संध्याकाळी आमचे बोलणे चालू आहे.